वरची डावी खोली

“फांगचानचं एक अक्षरसुद्धा सूनबाईच्या कानावर जाता कामा नये. कळलं, तर उद्याच्या उद्या बॅग भरून माहेरी जाईल ती.”

ज्या कानांवर हे जाता कामा नये होतं, ते दोन्ही कान त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारापासून वीतभर अंतरावर होते. कानांच्या मधोमध वेनजिंगचा चेहरा होता आणि त्याखाली, हातात, सोललेल्या लसणाची वाटी. लग्नाला अठरा दिवस झाले होते. (ऐकायचं म्हणून ती उभी नव्हती. लसूण द्यायला आली होती. पहिलं वाक्य ऐकल्यावर लसूण द्यायची घाई उरली नाही, हेही खरंच.)

आत सासूबाई मुलाशी बोलत होत्या. मुलगा म्हणजे पेंग, वेनजिंगचा अठरा दिवसांचा नवरा. तो आठवडाभर सूचोऊ शहरातल्या कारखान्यात असायचा आणि रविवारी गावी यायचा. आज रविवार होता.

“पण आई, किती दिवस लपवणार?”

“जमतील तितके. आधी ते यायचं-जायचं, तोवर निभावलं. आता डॉक्टर तोंग म्हणते, कायमचं झालंय.”

“आणि ती वरची डावी खोली?”

“वाढलीय.”

“किती?”

“मला काय कळतंय त्यातलं? बरीच वाढलीय. आता परत लहान व्हायची नाही म्हणाली.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या चिनी भाषेत ‘फांगचान’ हा एक शब्द नाही, दोन आहेत. शेवटचा सूर खाली नेऊन पुन्हा वर उचलला, तर अर्थ होतो घरदार, मालमत्ता. तोच सूर तोडून खाली टाकला, तर होतो हृदयाचा एक आजार, ज्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट ठोका द्यायचा सोडून नुसते थरथरत बसतात. त्यातून हृदयाच्या कप्प्यांनाही तिकडे ‘खोल्या’च म्हणतात. घराला खोल्या, हृदयालाही खोल्या. सगळा फरक एका सुराचा. आणि सासूबाईंच्या तोंडात त्या वेळी सूर्यफुलाच्या बिया होत्या. बियांच्या टरफलांबरोबर सूरही थुंकला गेला.

वेनजिंगच्या हृदयाला सव्वीस वर्षांत काही झालेलं नव्हतं. तिला एकच फांगचान माहीत होतं, ज्याला कुलूप असतं ते. आणि या घरात माडीवर दोन खोल्या होत्या. उजवीकडची तिची आणि पेंगची. डावीकडच्या खोलीला कुलूप होतं.

तिने एक लहानसा निर्णय घेतला. काही विचारायचं नाही.

(हा निर्णय ती आयुष्यात जवळजवळ रोज घेत आली होती. ‘वेनजिंग’ या नावाचा अर्थच मुळी ‘शांत, सालस’ असा आहे. नाव ठेवताना आईवडिलांना इतकं शब्दशः अपेक्षित नसावं. ती घरबसल्या एका पडद्यांच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांना फोनवर उत्तरं लिहायची. ‘प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत’ असं दिवसातून दोनशे वेळा लिहिलं, की बोलायला शब्द उरायचे नाहीत.)

पण गप्प राहणं म्हणजे राग न येणं नव्हे. वेनजिंगच्या माहेरी कोणी कधी आवाज चढवला नव्हता. तिची आई रागावली की पालक करायची. एकदा नाही, रोज. पहिल्या दिवशी वडील मुकाट्याने खायचे. दुसऱ्या दिवशी त्यांना कळायचं. तिसऱ्या दिवशी आपलं काय चुकलं ते आठवत बसायचे आणि चौथ्या दिवशी माफी मागायचे. पाचवा दिवस त्या घरात कधी उजाडला नव्हता.

वेनजिंग लसणाची वाटी तशीच घेऊन परसातल्या वाफ्याकडे गेली आणि तिने पालकाची पहिली जुडी मुळापासून उपटली. जरा जोरातच.

*

दुपारी टेबलावर पालकाचं पातेलं आलं. भात मागे गेला होता, मासा कडेला सरकला होता, खारवलेली बदकाची अंडी पातेल्याआड दिसेनाशी झाली होती. पालकावर लसूण होता आणि लसणाने बराच ताप सोसलेला दिसत होता.

सासरे, यान देशान, यांनी पातेल्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. सगळं आयुष्य कालव्यावर लाकडी होड्या बांधण्यात गेलेलं. हातांची बोटं अजून खिळ्यांसारखी. असा माणूस भाजीला घाबरावा असं काही कारण दिसत नव्हतं. पण ते घाबरले, एवढं वेनजिंगने पाहिलं.

“म्हातारबा, जरा बेतानं,” सासूबाई पुटपुटल्या.

“नव्या सुनेनं केलंय,” ते तितक्याच हळू म्हणाले. “पहिली भाजी आहे. नाही कसं म्हणू?” आणि मोठ्याने, “वा! कित्ती छान!” असं म्हणून त्यांनी घास घेतला. घास गिळताना त्यांच्या गळ्यात काहीतरी वर-खाली झालं. मग त्यांनी आणखी घेतलं. आणि आणखी.

वेनजिंगला वाटलं, उद्या कळेल.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी “वा!” म्हटलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी शेजारणींना कुंपणावरून सांगितलं, “आमची सून बघा बाई, सासऱ्याला रोज ताजी भाजी! बोलत नाही फारशी, पण जीव लावते.” चौथ्या दिवशी माफी मागायच्या ऐवजी सासऱ्यांनी वाफ्याला स्वतः पाणी घातलं. पाचवा दिवस उजाडला, तेव्हा वेनजिंग हादरली. या घराला पालकाची भाषाच येत नव्हती. ती तावातावाने भांडत होती आणि समोरचे टाळ्या वाजवत होते.

आता मागे फिरणंही अवघड होतं. राग गेला नव्हता, आणि कौतुकही सुरू झालं होतं. तिने पालक चालू ठेवला.

मधल्या काळात तिने निरीक्षण केलं. (ज्याला बोलता येत नाही त्याला निरीक्षणाला पुष्कळ वेळ मिळतो.) सासरे दिवसातून तीनदा माडी चढायचे. गुडघे धरून, कठड्याला लटकत, प्रत्येक पायरीवर एक “आय्या” म्हणत. वर डाव्या खोलीचं कुलूप उघडायचं, आत पत्र्याचे डबे खडखडायचे, मग ते तोंड पुसत खाली यायचे. इस्टेट मोजायला दिवसातून तीनदा कोण जातं? आणि मोजून झाल्यावर तोंड कशाला पुसायचं?

एकदा, घरात कोणी नाही असं पाहून, तिने शिवणाची टेप घेऊन घर बाहेरून मोजलं. डावी बाजू आणि उजवी बाजू बोटभरही वेगळ्या नव्हत्या. वाढलेली खोली कुठेच वाढलेली दिसेना. टेप गुंडाळताना तिला वाटलं, आपण मालमत्तेच्या लोभाने मोजत नाही आहोत, हे पटवून देण्यासाठी हा प्रसंग काही फार चांगला नाही. समोर घरचे तीन पाळीव हंस उभे राहून बघत होते. त्यांनाही पटलेलं दिसलं नाही.

मग एका संध्याकाळी ओसरीवरचं बोलणं तिच्या कानी आलं.

“मागच्या गल्लीतल्या लूचं काय झालं पाहिलंत ना?” सासूबाई म्हणत होत्या. “सकाळी पेज खाता खाता जेवणाच्या काड्या हातातून पडल्या. तेव्हापासून उजवा हात गेला, जीभ गेली. त्यानंही असंच केलं. कागदावर सही कर, सही कर म्हणून डॉक्टर तोंगनं किती सांगितलं!”

“मी नाही सही करणार,” सासरे म्हणाले. “घरच्या माणसाची सही लागते. घरचं माणूस कोण? तुला अक्षर वाचता येत नाही. पेंग इथं नाही. राहिलं कोण?”

“सूनबाई.”

“मग झालंच! नाही म्हणजे नाही.”

वेनजिंगने लू म्हाताऱ्याला पाहिलं होतं. दारात खुर्चीवर बसलेले असायचे, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा. मालमत्तेच्या कागदावर वेळेत सही केली नाही तर माणसाचा हात जातो, हे तिच्यासाठी नवीन होतं. पण गावोगावचे नियम वेगळे असतात. आणि एवढं तर उघड होतं, की सासऱ्यांचा हात जायची वेळ आली तरी चालेल, पण सुनेची सही त्यांना नको होती.

त्या दिवशी पालकात मीठ दोनदा पडलं.

*

पंधराव्या दिवशी, रविवारी सकाळी, डॉक्टर तोंग आपल्या विजेच्या स्कूटरवरून आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की कालव्यापलीकडच्या गावालाही औषधं वेळेवर घ्यावीशी वाटावीत. गावचा दवाखाना त्या चालवत आणि गावच्या समितीवरही होत्या. त्यामुळे गावात कुठलाही कागद निघाला, तर तो त्यांच्या हातून जायचा.

त्यांनी स्कूटर बंद न करताच भिंतीवरून हाक मारली. “यान काका! परवाचा तुमचा आकडा आलाय! मला अजिबात आवडलेला नाही! ते फांगचानचे कागद अजून तसेच पडलेत माझ्याकडे! घरच्या माणसाची सही हवी! एवढी शिकलेली सून आणलीय, तिला काय देव्हाऱ्यात बसवायचीय?”

सासूबाई भातवाढणी हातात घेऊन धावत सुटल्या. “हळू! अगं हळू! ती वर आहे!”

“मी हळूच बोलतेय!” डॉक्टर तोंग ओरडल्या आणि स्कूटर वळवून निघून गेल्या.

वेनजिंग वर होती आणि तिला सगळं ऐकू आलं होतं. (बहुधा लू म्हाताऱ्यालाही.) तिने पुष्कळ विचार केला. मग खाली येऊन पालक चिरला, चुलीवर ठेवला, “जाऊन येते” एवढंच सासूबाईंना म्हणाली आणि दवाखान्याची वाट धरली. मला तुमचं काहीही नको, असं एकदाचं लिहून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. मोठेपणाने, मान वर करून. रडायचं असेल तर परत येताना, कालव्याच्या कडेला, कोणी नसताना.

डॉक्टर तोंग टेबलाशी बसून उकडलेलं रताळं खात होत्या.

“मी सही करायला आलेय,” वेनजिंग म्हणाली. “फांगचानच्या कागदांवर.”

डॉक्टरांनी रताळं खाली ठेवलं. “काकांनी सांगितलं तुला?”

“नाही. मला कळलं.”

“कळलं आणि स्वतःहून आलीस?” डॉक्टरांचे डोळे पाणावले. “अगं पोरी, लोकांच्या सुना हे ऐकून पळून जातात!”

“मला फक्त लिहून द्यायचंय, की मला त्यातलं काही नको.”

“नको म्हणून कसं चालेल? घरात आहे म्हटल्यावर थोडंफार तुझ्या वाट्याला येणारच. वारशानंही येतं कधीकधी. उद्या पेंगलासुद्धा येईल.”

“त्याला येऊ दे. सगळं त्यालाच येऊ दे.”

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “एवढा राग? नवरा आहे ना तुझा?”

“राग नाही,” वेनजिंग म्हणाली. (घरी पंधराव्या दिवसाचा पालक चुलीवर होता.)

“बरं, बस. वाट्याचं राहू दे. आधी काय आहे ते समजून घे.” डॉक्टरांनी एक जाडजूड पाकीट ओढलं. “पाच वर्षांपासूनचं आहे. पूर्वी अधूनमधून, आता कायमचं. वरची डावी खोली वाढलेली आहे. पंचेचाळीस.”

“पंचेचाळीस काय?”

“मिलिमीटर.”

वेनजिंगने मनातल्या मनात टेप उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. “पंचेचाळीस मिलिमीटरच्या खोलीत राहणार कोण?”

“रक्त!” डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. “आणि तेच तर दुखणं आहे! रक्तानं तिथं राहायचं नसतं, पुढं जायचं असतं. पण खोली त्याला ढकलतच नाही, नुसती थरथरते. मग ते कोपऱ्यात साचतं, साकळतं, आणि एक दिवस ती गुठळी सुटते ती थेट डोक्यात. लूचा हात काय कुत्र्यानं नेला?”

भिंतीवरचं घड्याळ तेवढं नियमित चाललं होतं.

“म्हणजे,” वेनजिंग अगदी हळू म्हणाली, “खोली हृदयाची?”

“मग काय हॉटेलची?”

मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं. यान काकांना एक आजार नव्हता, पाच होते. हृदयाची थरथर, रक्तदाब, साखर, गुडघे आणि जरा थकलेलं मूत्रपिंड. पाच आजारांना चार डॉक्टर, चार वेगळ्या ठिकाणी. एकाने दिलेलं दुसऱ्याला माहीत नाही. दोन दवाखान्यांनी रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी दिलेली, काका दोन्ही इमानेइतबारे घेणार. गुडघ्यांसाठी बाजारातून आणलेली गोळी रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी भांडणार. वर झोपताना जडीबुटीची दारू. म्हणून तालुक्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनी आणि गावच्या डॉक्टरांनी मिळून हे काम सुरू केलं होतं. माणसाची सगळी दुखणी एका वहीत, सगळ्या गोळ्या एका यादीत. दर बुधवारी डॉक्टर तोंगच्या फोनवर तालुक्याचे डॉक्टर दिसणार, वही बघणार. आणि घरचं एक माणूस रोज ती वही लिहिणार.

“तेवढं एक माणूस मिळेना,” डॉक्टर म्हणाल्या. “लग्नाआधी तुझ्या घरच्यांना सांगितलं नाही यांनी. पाच आजारांच्या घरात मुलगी कोण देणार, म्हणून घाबरले. आता तू आल्यावर तर गोळ्याही वर कुलपात ठेवतात म्हणे.”

वेनजिंगला जिना आठवला. दिवसातून तीनदा. प्रत्येक पायरीवर एक “आय्या”. तिच्यापासून गोळ्या लपवायला.

“आणि आता हा आकडा!” डॉक्टरांनी कागद पुढे केला. “रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा हिशेब. दोनच्या वर हवा. दोन वर्षं व्यवस्थित होता. परवा आला एक पूर्णांक तीन. पालकासारख्या हिरव्या पाल्यानं ही गोळी बोथट होते. एरवी मूठभर खातात, त्या बेतानं मी गोळी बसवलेली. आता कोणीतरी त्यांना ढीग चारतंय, आणि ते नाव सांगत नाहीत.”

वेनजिंग कागदावरचा आकडा पुन्हा वाचू लागली.

“तुला माहीत आहे, कोण चारतंय?”

वेनजिंगने हळूच हात वर केला, शाळेत करतात तसा.

“किती?”

तिने दोन्ही हातांनी पातेल्याचा आकार दाखवला. मग प्रामाणिकपणे हात आणखी थोडे लांब केले.

डॉक्टर तोंगने उरलेलं रताळं बाजूला सारलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर हळू निघाला. “किती दिवस?”

“चौदा.”

“कुठं आहे आजचा?”

“चुलीवर.”

“पळ,” डॉक्टर म्हणाल्या. “एकदम बंद करू नकोस. रोज एक मूठ, ना कमी, ना जास्त. गोळीचं मी आजच तालुक्याला फोन करून विचारते. आणि थांब, आधी सही कर!”

*

ती घरी पोचली तेव्हा तिघे जेवायला बसले होते. पेंग नुकताच आला होता, बूटही काढायचे राहिले होते. सासऱ्यांच्या पुढ्यात पातेलं होतं. त्यांनी काड्या उचलल्या होत्या आणि चेहऱ्यावर भर पुरात होडी लोटणाऱ्या माणसाचा भाव होता.

वेनजिंगने सरळ जाऊन पातेलं उचललं. काड्यांनी एक मूठ पालक त्यांच्या वाडग्यात ठेवला. उरलेलं पातेलं अंगणात नेऊन हंसांपुढे पालथं केलं. हंसांनी एक चोच मारली आणि ते मागे सरकले.

मग ती दारात येऊन उभी राहिली. धाप लागलेली, हातात वही. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

“या घरातलं फांगचान आजपासून मी सांभाळणार. सगळं. वरच्या डाव्या खोलीसकट.”

आता, ज्याला मोठ्याने बोलायची सवय नाही, त्याचा आवाज वाक्याच्या मध्येच कुठेतरी घसरतो. वेनजिंगचा नेमका त्या शब्दावर घसरला. शेवटचा सूर तोडून खाली टाकायचा होता. तो खाली गेला आणि घाबरून पुन्हा वर आला.

सासूबाईंच्या हातातली भातवाढणी खाली पडली. “ऐकलंस? ऐकलंस पेंग? महिनाभर हूं की चूं नाही, आणि तोंड उघडलं ते घर मागायला!”

“वेनजिंग, अगं काय बोलतेस?” पेंग उठून उभा राहिला.

सासऱ्यांचा चेहरा मात्र उजळला होता. “घर? घरच पाहिजे ना तिला?”

“म्हातारबा, तुम्ही गप्प बसा!”

“अगं, देऊन टाक! विटांचं तर आहे. आजच लिहून देतो. मला वाटलं, हिला ते दुसरं काही कळलं की काय!” आणि त्यांनी मोठ्या समाधानाने मूठभर पालकातला एक घास घेतला.

“कोणतं दुसरं, बाबा?” वेनजिंगने विचारलं आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. वहीच्या वर सही केलेला कागद होता. “हे?” या वेळी तिने तो शब्द पुन्हा उच्चारला आणि सूर असा तोडून खाली टाकला, की टेबलावरच्या काड्या हलल्या.

सासऱ्यांनी कागदाकडे पाहिलं. ‘काळजी घेणारी घरची व्यक्ती’ या शब्दांपुढे तिचं नाव होतं.

“म्हणजे कळलं तुला,” ते म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. “पाचही?”

“पाचही.”

“मग आता बॅग भरणार?”

“आता चावी द्या,” वेनजिंग म्हणाली. “आणि उद्यापासून जिना चढायचा नाही.”

त्यांनी गळ्यातला दोरा काढला. दोऱ्याला चावी होती. ती त्यांनी वेनजिंगच्या हातात दिली, आणि सासूबाईंनी, भांडी आवरायची म्हणून, तोंड भिंतीकडे वळवलं.

डाव्या खोलीत सणासुदीच्या गोड चंद्रकेकचे अकरा पत्र्याचे डबे निघाले. त्यांत सतरा प्रकारच्या गोळ्या, त्यातल्या सहा मुदत संपलेल्या. (एका डब्यात खरोखरच चंद्रकेक होता. तोही मुदत संपलेला.) पेंगने यादी केली, डॉक्टर तोंगने फोनवरून निम्म्या गोळ्यांवर काट मारायला लावली आणि जडीबुटीची दारू “तपासणीसाठी” स्वतःकडे मागवून घेतली. संध्याकाळपर्यंत सगळं एका कप्प्यांच्या डबीत मावलं, आणि ती डबी खाली, मिठाच्या बरणीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी बसली. मग वेनजिंगला घर मोजल्याचंही सांगावं लागलं. सासरे इतके हसले, की तिने लगेच त्यांची नाडी पाहिली आणि वहीत पहिली नोंद केली.

*

चौथ्या बुधवारी आकडा दोन पूर्णांक चार आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोनच्या पडद्यावरून अंगठा दाखवला आणि म्हणाले, मूत्रपिंडाची तपासणी नीट आली, तर पुढच्या महिन्यात भाजीपाल्याशी भांडण नसलेली नवी गोळी देऊ. सासरे हल्ली रोज सकाळी कालव्यापर्यंत चालत जायचे, वाटेत लू म्हाताऱ्यापाशी थांबायचे आणि त्यांच्या सुनेला आपली वही दाखवायचे, लहान मुलं बक्षीस दाखवतात तशी.

त्या रविवारी सासूबाईंनी डॉक्टर तोंगला जेवायला बोलावलं. मासा होता, कोळंबी होती, डुकराच्या मांसाचे गोळे होते. प्रत्येकाच्या वाडग्यात मोजून मूठभर पालक होता.

“खरं सांगू,” सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. “मला लाज वाटते. आपण हिच्यापासून घर लपवतोय असं या पोरीला वाटत होतं. दुसरी असती तर आदळआपट केली असती. आणि ही? एक शब्द नाही! चौदा दिवस सासऱ्यासाठी प्रेमानं भाजी करत राहिली. चुकलं बिचारीचं, पण अजाणता. मनात राग म्हणून नाही!”

“सोनं आहे सोनं,” डॉक्टर तोंग म्हणाल्या. कालव्यापलीकडे एक कुत्रं भुंकलं.

पेंगने बायकोकडे अभिमानाने पाहिलं. सासऱ्यांनी दारूऐवजी दिलेल्या गरम पाण्याचा पेला तिच्यासाठी उंचावला.

वेनजिंग गप्प बसली असती, तर कोणाला कधीच कळलं नसतं. गप्प बसणं तिला उत्तम जमत होतं. पण या घरात न बोलल्याने काय काय झालं होतं, ते तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेलं होतं. तिने काड्या खाली ठेवल्या.

“आई, मी रागावले होते,” ती म्हणाली. “आमच्याकडे कोणी बोलून भांडत नाही. रागावलं की रोज पालक करतात. ते चौदाच्या चौदा दिवस मी तुमच्याशी भांडत होते.”

पेंगच्या काड्यांतून कोळंबी निसटली. सासरे मात्र हळूहळू खुर्चीत पुढे झाले. एक फार जुनं कोडं सुटत असल्यासारखे त्यांचे डोळे चमकले.

“तरीच!” ते म्हणाले. “तरीच मी म्हणत होतो! करपलेला लसूण, ते मीठ... म्हणजे चव तू मुद्दाम बिघडवत होतीस!”

वेनजिंगचे कान लाल झाले. तिने आपल्या वाडग्यातल्या मूठभर पालकाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“नाही बाबा. भाजी रागानं केली होती. चव मात्र मनापासून आणली होती.”